साहेबांना सांगणार कोण?

कारखान्यात डाय तडकली की प्रेसवरच्या ऑपरेटरला ते आवाजावरूनच कळतं. पाच मिनिटांत सुपरवायझरला कळतं, चहाच्या सुट्टीपर्यंत टूलरूमला आणि जेवणाच्या वेळेला कॅन्टीनवाल्यालासुद्धा. मालकाला कळतं शनिवारी, ग्राहकाच्या पर्चेसवाल्याचा फोन खणखणल्यावर. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मी एचआरमध्ये निम्मं आयुष्य काढलं, त्यात या क्रमाला अपवाद फार थोडे दिसले. मालक ढ असतो असं नाही. पगारवाढीच्या कागदावर सही त्याची असते, एवढं कारण पुरतं.

कंपनी मोठी असेल तर हे आणखी वाढतं. एमडींसमोर येणारा प्रत्येक आकडा वाटेत तीन-चार जणांनी तेल लावून, भांग पाडून आणलेला असतो. साहेबांनी विनोद केला की सगळे हसतात आणि काही वर्षांनी साहेबांना खरंच वाटू लागतं की आपण विनोदी आहोत.

एक्झिक्युटिव्ह कोचिंग नावाचा धंदा या एका अडचणीवर उभा आहे, असं माझं मत आहे. नोकरी सोडल्यावर मी रीतसर शिकून हेच काम करते, तेव्हा माझ्या कौतुकातून थोडं वजा करून वाचायला हरकत नाही. पण ‘एवढ्या मोठ्या साहेबांना शिकवणी कशाला?’ हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास विचारला जातो आणि जेवणाच्या पंगतीत त्याचं उत्तर पुरं होत नाही.

हाच प्रश्न एरिक श्मिट यांनाही पडला होता. २००१ साली ते गूगलचे सीईओ झाले. आधी नोव्हेल ही कंपनी चालवून आलेले, संगणकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले. गूगलमध्ये पैसे गुंतवणारे जॉन डोअर त्यांना म्हणाले, तुम्ही एक कोच ठेवा. श्मिटना ते झोंबलं. एवढ्या वर्षांचा अनुभव असताना मला कोण काय सांगणार? पुढे २००९ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने त्यांना आजवर मिळालेला सर्वांत चांगला सल्ला विचारला, तेव्हा त्यांनी नेमका हाच सांगितला.

डोअर यांनी सुचवलेले कोच होते बिल कॅम्पबेल. त्यांचा इतिहास मला फार आवडतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे ते १९७४ ते १९७९ कोच होते आणि त्या सहा हंगामांत त्यांचा संघ १२ सामने जिंकला, ४१ हरला, एक बरोबरीत सुटला. मग ते उद्योगात शिरले. कोडॅक, ॲपल, पुढे इन्ट्युइटचे सीईओ. प्रोग्रॅमिंगशी त्यांचा संबंध नव्हता. तरी श्मिट, लॅरी पेज, स्टीव्ह जॉब्ज असे लोक त्यांच्याशी बोलायला वेळ राखून ठेवत. २०१६ मध्ये ते वारले. त्यानंतर श्मिट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्यांच्यावर ‘ट्रिलियन डॉलर कोच’ हे पुस्तक लिहिलं.

त्या पुस्तकातला एक प्रसंग धंद्यातल्या माणसांना मी नेहमी सांगते. २००४ मध्ये गूगलचे शेअर बाजारात यायच्या सुमारास श्मिट यांनी अध्यक्षपद सोडावं, सीईओ मात्र राहावं, असं ठरलं. श्मिट दुखावले आणि कंपनीच सोडायच्या विचारात पडले. अशा वेळी आतल्या माणसाशी बोलायची सोय नसते. कोणाजवळ ‘जातो’ म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. कॅम्पबेलनी त्यांना थांबायला राजी केलं आणि दुसरीकडे संचालकांशीही बोलत राहिले. श्मिट थांबले, काही वर्षांनी अध्यक्षपदही परत मिळालं. धंद्याचं डावपेचाचं ज्ञान यात फारसं लागलं नाही. दुखावलेल्या अभिमानाला ‘तू आत्ता दुखावला आहेस’ असं तोंडावर म्हणू शकणारा माणूस लागला.

कोच खेळाडूपेक्षा चांगला खेळणारा असावा लागत नाही, हे क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. गॅरी कर्स्टन सचिनला सरावात चेंडू टाकून द्यायचे तेव्हा ‘आधी तुमची शतकं किती ते सांगा’ असं कोणी त्यांना हटकलं नाही. उद्योगात मात्र पहिला प्रश्न तोच येतो: मॅडम, तुम्ही कधी कारखाना चालवलाय का? नाही चालवला. मी चालवायला येतही नाही, बघायला येते.

बघणं म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं उत्तम वर्णन एका सर्जनने केलं आहे. अतुल गावंडे. तेव्हा बोस्टनला शस्त्रक्रिया करायचे, लिहितात. वडील विदर्भातले, उमरखेडजवळच्या उटी गावचे. २०११ मध्ये त्यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये एक लेख लिहिला. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं त्यांचं प्रमाण सुरुवातीची काही वर्षं घटत गेलं, मग घटायचं थांबलं. वाईट काही नव्हतं, फक्त सुधारणा थांबली होती. एकदा परिषदेला गेले असताना ते पैसे देऊन एका तरुण टेनिस-कोचकडून धडा घेऊन आले आणि त्या मुलाने थोड्या वेळात त्यांची सर्व्हिस सुधारली. त्यांच्या मनात आलं, नदालसारख्याला कोच असतो, मला का नाही? मग त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनना विनंती केली, माझ्या ऑपरेशनला येऊन उभे राहा. प्रशिक्षणाच्या काळात हेच त्यांचे शिक्षक होते.

ऑपरेशन थायरॉइडच्या कर्करोगाचं होतं. गावंडे यांच्या मते ते झकास झालं. ऑस्टीन यांच्या वहीचं पान मात्र बारीक बारीक नोंदींनी भरलं होतं. रुग्णावर कापड असं अंथरलं होतं की गावंडे यांना सगळं दिसत होतं, पण समोर उभ्या सहायकाला नीट हात घालता येत नव्हता. गावंडे यांचं कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीला जात होतं आणि कोपर वर गेलं की हातावरचा ताबा कमी होतो. वरचा दिवा जखमेवरून सरकला होता आणि जवळपास अर्धा तास ते परावर्तित उजेडात काम करत होते. त्यांना ते जाणवलं नव्हतं.

खोलीत भूलतज्ज्ञ होता, सहायक होता, नर्स होती. त्यांच्यापैकी कोणाला तो सरकलेला दिवा दिसला असेल की नाही, हे लेखात नाही. पण दिसला असता तरी ‘सर, उजेड गेलाय’ असं मुख्य सर्जनला म्हणायला जीभ किती जड होते, हे कोणत्याही कामाच्या जागी असंच आहे.

आता भोसरीकडे येते. इथले एक मालक, नाव-गाव सोडा. भाड्याच्या शेडमध्ये दोन जुन्या पॉवर प्रेसवर सुरुवात, आता तीनशे माणसं, गाड्यांना लागणारे प्रेस पार्ट्‌स बनवतात. मला बोलावलं त्यांच्या मुलीने. ती शिकून धंद्यात आली होती. म्हणाली, ‘‘ऑफिसात काही सांगितलं की बाबा म्हणतात घरी बोलू. घरी विषय काढला की म्हणतात जेवताना कामाचं नको.’’

पहिलं काम म्हणून मी त्यांच्या सोमवारच्या मीटिंगला बसले, कोपऱ्यात, पाण्याच्या फिल्टरशेजारी. वहीत दोन रकाने केले: वाक्य कोणी सुरू केलं, कोणी संपवलं. प्रॉडक्शन मॅनेजरने अकरा वाक्यं सुरू केली, त्यांतली दोन त्याने स्वतः संपवली. बाकी साहेबांनी पुरी करून दिली. हेतू वाईट नव्हता, वेळ वाचावा हाच होता. क्वालिटीचा तरुण पोरगा म्हणाला, ‘‘सर, फिक्स्चरला एक पिन वाढवली तर...’’ साहेब लगेच म्हणाले, ‘‘पिन वाढवाच, आणि खाली एक स्टॉपरही द्या, मागे आपण असंच केलं होतं.’’ सूचना चांगली होती. पोराने मान डोलावली आणि वही मिटली. त्याची कल्पना आता साहेबांची झाली होती. पिन बसली नाही तर तो रात्री थांबणार होता का? मला नाही वाटत.

या सवयीवर मार्शल गोल्डस्मिथ या अमेरिकन कोचने बरंच लिहिलं आहे. त्यांचं ‘व्हॉट गॉट यू हिअर वोन्ट गेट यू देअर’ हे पुस्तक २००७ चं. हुशार माणसाला दुसऱ्याच्या चांगल्या कल्पनेत भर घातल्याशिवाय राहवत नाही. भर घालून कल्पना थोडी सुधारते, पण ती मांडणाऱ्याची उमेद त्याहून जास्त घटते. ज्या गुणांनी माणूस वर आला, तेच गुण वर आल्यावर आडवे येतात. दोन प्रेसवर धंदा उभा करताना प्रत्येक वाक्य स्वतः संपवावं लागलं असणार, नाहीतर शेड दुसऱ्या वर्षीच रिकामी झाली असती. तीनशे माणसांत तीच सवय महाग पडते.

मीटिंगनंतर मी मत दिलं नाही, फक्त रकाने वाचून दाखवले. साहेब म्हणाले, ‘‘मग काय मी तोंडाला कुलूप लावू?’’ म्हटलं, ‘‘शेवटी बोला.’’ त्यानंतर त्यांच्या हाताखालच्या आठ जणांशी मी एकेकटं बोलले, नावं न टाकता अहवाल केला. तो वाचून साहेबांचा पहिला प्रश्न, ‘‘हे कोण बोललं?’’ हा प्रश्न सगळेच विचारतात. मोठ्या कंपनीचे एमडी जरा इंग्रजीत विचारतात, एवढाच फरक. मी सांगत नाही. ‘‘नका सांगू, भाषेवरून ओळखतो मी,’’ म्हणाले आणि दोन नावं घेतली. दोन्ही चुकीची होती. मी चेहरा कोरा ठेवला, हे आमच्या प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड कौशल्य असावं.

ध्येय एकच ठरवलं. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं आणि मत देण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. पाळलं जातंय का, हे बघायचं काम प्रॉडक्शन मॅनेजरकडे दिलं. मोडलं की त्याने पेन टेबलावर वाजवायचा. सुरुवातीला त्याचा पेन उचललाच जाईना. साहेब मीटिंगला येताना तोंडात लवंग धरून यायचे. बोलावंसं वाटलं की ती चावायची. पहिले काही सोमवार मीटिंगमध्ये लवंगेचा वास भरून राहायचा.

चौथ्या-पाचव्या महिन्यातली गोष्ट. बुधवारी संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजर केबिनमध्ये शिरला आणि म्हणाला, ‘‘साहेब, डाय गेली. शनिवारची गाडी पूर्ण भरत नाही.’’ मी तिथेच बसले होते. साहेबांचा चेहरा लाल झाला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘किती जातील?’’ त्यांनी त्याच संध्याकाळी ग्राहकाला फोन केला, निम्मा माल शनिवारी, उरलेला मंगळवारी ठरला. ग्राहकाची लाइन थांबली नाही. डाय तडकणं काही माझ्या येण्याने थांबलं नव्हतं. बातमी तीन दिवस आधी केबिनपर्यंत आली, कोचिंगमधून मिळालं ते एवढंच. ज्याला लाइन-स्टॉपेजचा दंड भरावा लागला आहे, त्याला तीन दिवसांची किंमत मी सांगायची गरज नाही. दिवाळीच्या गर्दीत साहेब पुन्हा दोनदा सगळ्यांवर कडाडले, हेही लिहायला हवं. अशी सवय सरळ रेषेत जात नाही.

जगातल्या मोठ्या कंपनीत हेच चित्र कसं दिसतं, ते फोर्डमध्ये दिसलं. २००६ च्या सप्टेंबरात ॲलन मुलाली बोइंगमधून फोर्डचे प्रमुख म्हणून आले. त्या वर्षी कंपनीला १२.६ अब्ज डॉलर तोटा झाला. त्यांनी दर गुरुवारी आढावा सुरू केला: काम ठीक असेल तर तक्ता हिरवा, धोका असेल तर पिवळा, बिघडलं असेल तर लाल. आठवडे गेले, सगळे तक्ते हिरवेगार. अब्जावधींचा तोटा आणि एकही अडचण नाही! शेवटी मार्क फील्ड्‌स या अधिकाऱ्याने ‘एज’ गाडीच्या मागच्या दाराच्या दोषामुळे तिचं बाजारात येणं थांबवलं आणि लाल तक्ता मांडला. खोली चिडीचूप. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला कोण मदत करू शकतो? नंतरच्या आठवड्यांत तक्त्यांवर रंग उमटू लागले. मुलाली यांनाही गोल्डस्मिथ यांनी कोचिंग दिलं होतं आणि ते सांगतात की ज्याच्यावर मी सर्वांत कमी वेळ घालवला, तोच सर्वांत जास्त सुधारला. कोचच्या कर्तबगारीबद्दल फार फुशारकी मारू नये, ते यासाठीच.

या कामाची वंशावळ थोडक्यात सांगते. टिमथी गॉलवे या टेनिस-शिक्षकाने १९७४ मध्ये ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ लिहिलं. सूचनांचा भडिमार कमी केला आणि खेळाडूचं लक्ष चेंडूकडे वळवलं तर तो स्वतःच सुधारतो, असा त्याचा रोख. जॉन व्हिटमोर हे इंग्रज मोटर-शर्यतपटू ते विचार कचेऱ्यांत घेऊन गेले. ध्येय काय, आज कुठे आहोत, पर्याय कोणते, नक्की काय करणार, या चार पायऱ्या त्यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे जगभर गेल्या. चांगली चौकट आहे, पण नवशिके कोच ती गाळलेल्या जागा भरा अशी वापरतात आणि समोरचा माणूस कंटाळून घड्याळ बघतो. १९९५ मध्ये अमेरिकेत आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघ स्थापन झाला. त्यांच्या पहिल्या पायरीच्या मान्यतेला १०० तासांचा अनुभव लागतो, मधल्या पायरीला ५०० आणि सर्वांत वरच्या पायरीला २,५००. मात्र ही मान्यता ऐच्छिक आहे. आपल्याकडे कोच व्हायला कुठलाही परवाना लागत नाही. कार्ड छापलं की झालं.

याचा उपयोग होतो का, हे तपासलं गेलं आहे. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिले. कामगिरी, ताण सोसण्याची ताकद, कामाबद्दलची वृत्ती, ध्येयाकडे टिकून राहणं या सगळ्यांवर चांगला परिणाम दिसला. माझी एक शंका आहे. अशा मोजणीत बरेचदा कोचिंग घेतलेल्यालाच विचारलेलं असतं, तुम्ही सुधारलात का? ज्याने वेळ घालवला, ज्याच्या कंपनीने पैसे भरले, तो नाही कशाला म्हणेल? म्हणून मला गोल्डस्मिथ यांची पद्धत पटते: सुधारणा झाली की नाही हे भोवतालच्या माणसांनी ठरवायचं आणि ती झाली नसेल तर कोचने फी घ्यायची नाही. माझ्या करारात फी परत करण्याचं कलम नाही, तेवढं धाडस अजून झालेलं नाही, पण शेवटी त्याच आठ जणांना पुन्हा विचारायचं हे कलम आहे.

आता जिथे हे काम करू नये, ते. कंपनीने एखाद्याला काढायचं आधीच ठरवलेलं असतं आणि ‘आम्ही कोचसुद्धा दिला होता’ असं फायलीत लावायला कोच बोलावतात. असं काम दारावर आलं की वासावरून कळतं: एचआरवाल्यांना ध्येयापेक्षा शेवटची तारीख जास्त महत्त्वाची असते. दुसरं, गुप्ततेचं. फी कंपनी देते, बोलणारा साहेब असतो, आणि मधे एचआरप्रमुख चहा पाजत विचारतो, ‘‘काय म्हणत होते आमचे साहेब?’’ म्हणून पहिल्याच बैठकीत तिघांनी मिळून ठरवावं लागतं की ध्येय काय आणि ते गाठलं का, एवढंच कंपनीला कळेल. बोललेलं खोलीतच राहील. हे लिहून न घेणारा कोच असेल तर मोठ्या साहेबांनी तोंड न उघडलेलं बरं.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी २००२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये इशारा दिला होता की मानसशास्त्राचं शिक्षण नसलेले कोच मूळ दुखण्याला हात न लावता वरवरच्या सवयी घासत बसतात आणि कधीकधी ते दुखणं वाढवतात. रात्र रात्र झोप नसणारा, दारू वाढलेला, कर्जाच्या विचाराने पोखरलेला उद्योजक ‘वेळेचं नियोजन’ शिकायला येतो. तिथे मी डॉक्टरांचा नंबर देते आणि कोचिंग थांबवते. दर वेळी ते आवडतं असं नाही, माणसाला आणि माझ्या बँक खात्यालाही.

फीबद्दल विचारणा होते. ती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत कुठेही असते आणि किंमत व दर्जा यांचा संबंध फार घट्ट नाही. करार बहुधा सहा महिने ते वर्षाचा असतो, दोन-तीन आठवड्यांनी तास-दीड तासाची बैठक. निवडताना एक करून पाहा. पहिल्या भेटीत तो माणूस किती बोलतो ते मोजा. तासभर त्यानेच त्याच्या पद्धतीची चित्रं दाखवली असतील तर चहा पाजून निरोप द्या.

वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपला हा खर्च झेपत नाही, हे मला पुरतं माहीत आहे. कुर्डूवाडी, शिरोली, अंबडच्या औद्योगिक वसाहतींतले मालक विचारतात तेव्हा मी एक गोष्ट सुचवते. एकमेकांशी स्पर्धा नसलेले पाच-सहा जण महिन्यातून एकदा आळीपाळीने एकमेकांच्या कारखान्यात बसा. ज्याचा कारखाना, त्याची अडचण. पहिली वीस मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. मराठी माणसाला ही वीस मिनिटं फार जड जातात, घड्याळ लावून ठेवा. शक्य असेल तर एकाने दुसऱ्याच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात वही घेऊन बसावं आणि ते दोन रकाने भरावेत. गट करताना मात्र एवढं बघा की व्याही, भाचे आणि एकमेकांकडून जॉबवर्क घेणारे एका गटात नकोत.